जन्मलेल्या बाळाच्या पायाला ऑक्सिमीटर लावला का?

रूपाभवानी | ७ डिसेंबर, रात्री १०:४०

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतलं एक बाळ सहाव्या दिवशी गेलं. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला होता. पाचव्या रात्री दूध ओढेना, पहाटे अंग गार लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत राखाडी पडलं होतं. तिथं इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा कळलं की हृदयाचा जन्मजात दोष आहे, पण तोवर उशीर झाला होता. त्या घरी जाऊन आल्यापासून मला झोप नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच व्हायचं होतं. आमचं नशीब एवढंच की आमचा मुलगा डिस्चार्जच्या आधी निळा पडला.

जानेवारी महिना, सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू. मुलगा ३ किलो १०० ग्रॅम, जन्मला तेव्हा खणखणीत रडला. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "याची नखं जांभळट दिसतायत." आम्हाला सांगण्यात आलं की थंडी आहे, गुंडाळून ठेवा. सासूबाईंनी ऐकलं नाही. खिडकीपाशी उजेडात नेऊन त्याची जीभ बघितली. जीभसुद्धा निळी. थंडीनं हातपाय निळे पडतात, जीभ पडत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मग ऑक्सिमीटर लावला तर ६८. ऑक्सिजन दिला तरी आकडा ७० च्या वर जाईना.

इको करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून दोन मोठ्या नळ्या निघतात, एक फुप्फुसाकडे जाते, एक अंगभर. आमच्या मुलाच्या या दोन्ही नळ्यांची अदलाबदल झाली होती. म्हणजे फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त पुन्हा फुप्फुसातच जायचं, आणि अशुद्ध रक्त तसंच अंगात फिरत राहायचं. याला टीजीए म्हणतात. पोटात असताना बाळाला एक जास्तीची नळी असते, पीडीए. तिच्यातून आणि दोन कप्प्यांमधल्या छोट्या छिद्रातून थोडं रक्त मिसळतं, तेवढ्यावर बाळ जगतं. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती नळी आपोआप मिटते. निरोगी बाळाची ती मिटायलाच हवी. आमच्या बाळाची मिटली असती तर संपलंच होतं.

ती उघडी ठेवायचं औषध आहे, प्रोस्टाग्लँडिन. ते सुरू करून आम्ही पुण्याला निघालो, अडीचशे किलोमीटर. या औषधानं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरू शकतं, हे आधी सांगितलं होतं. मोहोळच्या पुढे एकदा आणि भिगवणजवळ एकदा त्याचा श्वास थांबला. सोबतच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा हातानं पिशवी दाबून श्वास दिला.

पुण्यात त्याच रात्री मांडीच्या शिरेतून फुगा घालून हृदयातलं छिद्र मोठं केलं. ही युक्ती रॅशकिंड नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली काढली. सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) ८० वर आलं. नवव्या दिवशी मोठं ऑपरेशन. दोन्ही नळ्या कापून जागा बदलायच्या, आणि हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या वाहिन्यासुद्धा सोडवून नव्या जागी शिवायच्या. हे सगळं अक्रोडाएवढ्या हृदयावर. पहिल्यांदा हे यशस्वी केलं ब्राझीलच्या जतेने नावाच्या सर्जननी, १९७५ साली. त्याआधी या दोषाची निम्मी बाळं पहिल्या महिन्यात आणि दहातली नऊ पहिल्या वर्षात जायची. आज चांगल्या केंद्रात शंभरातली पंचाण्णव घरी जातात. सूज असल्यामुळे दोन दिवस त्याची छाती उघडीच ठेवली होती, वरून फक्त पातळ पडदा. त्या पडद्याखाली हृदय हलताना मी बघितलंय.

आता पहिलीत आहे. वर्षातून एकदा इको, औषध काही नाही.

मला एवढंच सांगायचंय. बाळ २४ तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायचा. पाच मिनिटांचं काम. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा वर आणि हात-पायातला फरक ३ पेक्षा जास्त नसेल तर ठीक. ९० च्या खाली असेल तर घरी जायचं नाही, इको करायचा. मधलं काही असेल तर तासाभरानं पुन्हा बघायचं, तरीही तसंच राहिलं तर इको. अमेरिकेत २०११ पासून नवजात बाळांच्या तपासण्यांच्या राष्ट्रीय यादीत हे आहे. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत मशीन असतं, फक्त बाळाच्या पायाला सगळीकडे लावत नाहीत. तुमच्या घरी बाळंतपण असेल तर मागून घ्या. लाजू नका.

---

शेंगाचटणी | ७ डिसेंबर, रात्री ११:१५

बहिणीला सातवा महिना आहे. हे सगळं तिला पाठवलं. पण ताई, एक कळत नाही, सोनोग्राफीत दिसलं नव्हतं का? बहिणीच्या रिपोर्टवर "हृदयाचे चार कप्पे नॉर्मल" असं लिहिलंय. मग निश्चिंत राहायचं ना?

---

रूपाभवानी | ७ डिसेंबर, रात्री ११:३२

माझ्याही रिपोर्टवर नेमकं तेच वाक्य होतं. आणि ते खोटं नव्हतं. टीजीएमध्ये चार कप्पे नॉर्मलच असतात, चुकलेल्या असतात त्या कप्प्यांतून निघणाऱ्या नळ्या. त्या वेगळ्या कोनातून मुद्दाम बघाव्या लागतात. बहिणीच्या डॉक्टरांना विचारा, "बाहेर जाणाऱ्या दोन्ही नळ्या बघितल्या का?" शंका असेल तर फीटल इको म्हणून वेगळी तपासणी असते. ती साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात, पण सातव्या महिन्यातही करता येते. आधी कळलं तर बाळंतपणच मोठ्या केंद्राजवळ करता येतं आणि हा रस्त्यावरचा जीवघेणा प्रवास वाचतो. आईच्या पोटाइतकी सुरक्षित ॲम्ब्युलन्स दुसरी नाही.

---

सिस्टर_एन | ८ डिसेंबर, सकाळी ६:५०

नाईट संपवून लिहितेय. चौदा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. रूपाताईंनी प्रवासाचं लिहिलंय त्यात माझी भर.

बाळ घाईत पाठवायचं नसतं, सावरून पाठवायचं असतं. आईवडील म्हणतात "आत्ताच्या आत्ता न्या", आम्ही म्हणतो अर्धा तास द्या. या अर्ध्या तासात बाळ गरम होतं, साखर तपासली जाते आणि दोन सलाइन लागतात. दोन यासाठी की प्रोस्टाग्लँडिन चालू असलेली एकुलती सुई टेंभुर्णीच्या पुढे निघाली तर रस्त्यात तेवढ्या बारीक शिरेत दुसरी लावणं फार अवघड असतं, आणि ते औषध थांबलं की काही वेळात त्याचा परिणाम जातो. पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड आहे का, बालहृदयरोगतज्ज्ञ आत्ता आहेत का, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय निघायचं नाही. मी अशी बाळं पाहिलीत जी पुण्यात पोचून दोन तास एका दारातून दुसऱ्या दारात फिरली.

नातेवाईक सतत ऑक्सिजन वाढवा म्हणतात. समजू शकते. पण काही दोषांत जास्त ऑक्सिजननं रक्त फुप्फुसाकडे धावतं आणि अंगाला कमी पडतं. आकडा ८० दिसतोय म्हणून घाबरू नका, त्या बाळासाठी ७५ ते ८५ हाच बरोबर आकडा असू शकतो. डॉक्टर सांगतील तेवढाच ठेवायचा.

आणि बापांनो, आईला मागे एकटी टाकू नका. सिझर झालेली बाई वॉर्डात रिकामा पाळणा बघत बसलेली असते. दर तासाला तिला फोन करा.

---

कंबरतलाव | ८ डिसेंबर, सकाळी ९:२०

मी सत्तरीला आलोय. आमच्या लहानपणी असल्या मुलांना "निळं बाळ" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. माझी धाकटी बहीण तशी होती. ओठ निळे, बोटांची टोकं फुगलेली. अंगणात चार पावलं पळाली की उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. आम्ही भावंडं चिडवायचो, दमली म्हणायचो. थोडा वेळ बसली की उठून पुन्हा खेळायची. सात वर्षांची असताना गेली. वडील गिरणीत होते, त्यांनी सोलापुरातले सगळे डॉक्टर पालथे घातले. कुणी टॉनिक दिलं, कुणी मुंबईला न्या म्हणालं. मुंबईला न्यायचं म्हणजे कुठं, कुणाकडे, हे सांगणारं कुणी नव्हतं.

ती उकिडवी का बसायची, हे मला आजवर कळलेलं नाही. इथं डॉक्टर कुणी असतील तर सांगावं.

---

बालरोग_पंढरपूर | ८ डिसेंबर, दुपारी २:०५

काका, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तुमच्या बहिणीला बहुतेक टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो असावा. त्यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असतं. वाट अरुंद म्हणून अशुद्ध रक्त छिद्रातून पलीकडे जाऊन अंगात फिरतं. पळाल्यावर हे वाढतं. उकिडवं बसलं की पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडे रक्त जायला अडथळा वाढतो, त्यामुळे रक्त नाइलाजानं फुप्फुसाकडे वळतं आणि ऑक्सिजन वाढतो. आज आम्ही आयांना हेच शिकवतो: बाळ एकदम निळं पडलं तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा आणि दवाखान्यात या. तुमच्या बहिणीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनं शोधून काढलं होतं.

या दोषावर पहिला उपाय निघाला तो २९ नोव्हेंबर १९४४ ला, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. हाताकडे जाणारी एक रक्तवाहिनी वळवून फुप्फुसाच्या वाहिनीला जोडली. कल्पना हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ बाईंची, ऑपरेशन आल्फ्रेड ब्लेलॉक यांचं, आणि ते कसं करायचं हे प्रयोगशाळेत बसवलं विवियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञानं. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती. ऑपरेशनच्या वेळी ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. आज त्या जोडणीला (शंटला) तिघांचं नाव लावतात. संपूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये मिनेसोटात लिलेहाय यांनी केली. तेव्हा हार्ट-लंग मशीन रुळलं नव्हतं, म्हणून मुलाचं रक्त दुसऱ्या माणसाच्या शरीरातून फिरवून शुद्ध करून आणलं.

आता रूपाताईंच्या मूळ मुद्द्याला एक जोड द्यायची आहे, कारण लोक अर्धं लक्षात ठेवतात. ऑक्सिमीटर नॉर्मल आला म्हणजे हृदय नॉर्मल, असं नाही. महाधमनी एका जागी आवळलेली असते तो दोष (कोआर्क्टेशन) निसटू शकतो. त्यासाठी मांडीतली नाडी हाताला लागते का, हे बोटांनी बघावं लागतं. आणि खालच्या दोन कप्प्यांमधलं मोठं छिद्र, व्हीएसडी, जन्मतः काहीच दाखवत नाही. पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसातला दाब उतरतो, मग छिद्रातून तिकडे रक्ताचा लोंढा सुरू होतो. म्हणून ही बाळं महिना-दीड महिन्यानं बिघडतात. ती निळी नसतात. दूध पिताना थांबून थांबून पितात, कपाळावर घाम येतो, धाप लागते, वजन वाढत नाही, सारखी सर्दी-न्यूमोनिया होतो. अशा बाळाला "कफ झालाय" म्हणून महिनोन्महिने औषधं पाजली जातात. तसंच फुप्फुसातून येणाऱ्या शिराच चुकीच्या जागी जोडलेल्या आणि शिवाय आवळलेल्या असतील (टॅपव्हीसी), तर प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग नसतो, ऑपरेशन हाच उपाय, तोही तातडीनं. म्हणून इको शक्य तितक्या लवकर आणि लहान मुलांचं हृदय बघायची सवय असलेल्या माणसाकडून.

---

कंबरतलाव | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

डॉक्टरसाहेब, वाचलं. दोनदा वाचलं. आभारी आहे.

---

विणकर४७ | ८ डिसेंबर, रात्री ९:४५

मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला. डॉक्टरांनी लिहिलंय तीच माझी मुलगी. दूध पिताना घाम. आमची अम्मा म्हणायची, उष्णता आहे. तीन महिन्यांत चार वेळा छाती भरली. शेवटी अंगणवाडीत तपासायला येणारं जे सरकारी पथक असतं, आरबीएसके, त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला आणि तिथंच म्हणाल्या, आवाज येतोय, सिव्हिलला चला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे पथक असतं, फुकट. २०१३ पासून आहे. अंगणवाडीत तपासणी असली की बायका "माझं लेकरू बरं आहे" म्हणून नेत नाहीत. न्या.

पैशाचं सांगतो, कारण सगळे तिथंच अडतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं बसतात. हीच योजना आधी राजीव गांधींच्या नावानं होती, आणि २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी त्या टेबलावर जा, बिलाच्या खिडकीवर नाही. मुलीचं नाव रेशनकार्डावर चढलं नव्हतं. जन्मदाखला आणि आईसोबतचा फोटो यावर आमचं काम झालं. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलपण आहे, मुलांच्या हृदयाचं, तिथं बिलाचं काउंटरच नाही. आमच्या शेजाऱ्याच्या मुलाचं तिथं झालं.

पण योजनेत न बसणारा खर्चच आम्हाला जड गेला. पुण्यात एकवीस दिवस. माग बंद म्हणजे मजुरी बंद. खोली, जेवण, रक्त द्यायला माणसं. माझ्या कारखान्यातले सहा जण रात्रीच्या पॅसेंजरनं रक्त द्यायला आले आणि सकाळी परत पाळीवर गेले. ऑपरेशनच्या वेळी मुलगी सात महिन्यांची होती आणि वजन ४ किलो ८००. नंतरच्या दोन महिन्यांत दोन किलो वाढली. पहिल्यांदा पोटभर दूध न थांबता प्यायली तेव्हा बायको आवाज न करता रडत होती, मुलीला कळू नये म्हणून.

---

अनामिका_वि | ९ डिसेंबर, रात्री १२:१०

इथं ऑपरेशन झालेली सगळी मुलं वाचलेली आहेत, म्हणून लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं. पण कुणीतरी हेही लिहायला हवं.

माझ्या मुलीच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. एचएलएचएस. २१ व्या आठवड्यात कळलं. डॉक्टरांनी आमच्यापुढे सगळे रस्ते ठेवले, गर्भपातसुद्धा. कायद्याची मुदत सांगितली, कोणत्याही बाजूला ढकललं नाही. आम्ही दोघं सिद्धेश्वर तलावाच्या काठावर तीन संध्याकाळी बसलो. तिला जन्म द्यायचा ठरवलं. जे वेगळं ठरवतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. त्या तीन संध्याकाळी मी दोन्ही बाजूंना जाऊन आलेय.

या दोषात उजव्या कप्प्याकडूनच अख्ख्या अंगाचं काम करून घ्यायचं असतं, आणि त्याला तीन ऑपरेशनं लागतात. नॉरवुड जन्मानंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, ग्लेन चार ते सहा महिन्यांत, फॉन्टान दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. उपचार नाही केले तर बहुतेक बाळं काही आठवड्यांतच जातात. १९८० च्या आसपास नॉरवुड यांनी बोस्टनमध्ये हे सुरू करेपर्यंत दुसरं काही नव्हतंच. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात एका प्रकारच्या शंटवर वर्षानंतर हृदय न बदलता जगलेली मुलं शंभरात ७४ होती, दुसऱ्यावर ६४. हे तिथले आकडे. आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी नॉरवुड होतं, म्हणून आम्ही विचारलं, "तुम्ही इथं अशी किती केली आणि किती मुलं घरी गेली?" सर्जननी खरा आकडा सांगितला. तो कमी होता. सांगितला म्हणून त्यांच्यावर विश्वास बसला.

पहिलं ऑपरेशन तिनं पार केलं. घरी आली. पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या मधला काळ सगळ्यात नाजूक, हे सांगितलेलं होतं. रोज सकाळी वजन, दिवसातून दोनदा सॅचुरेशन, वहीत लिहायचं. दिवसाला २० ग्रॅम वाढलं की मी वहीत गोल करायची. जुलाब-उलटी झाली, वजन घटलं, आकडा ७५ च्या खाली गेला तर लगेच फोन. माझ्या वहीत ११३ दिवस आहेत. ११४ व्या दिवशी पहाटे ती गेली, ग्लेनची तारीख नऊ दिवसांवर असताना. आदल्या दिवशीचं वजन ४ किलो ३६०, गोल केलेलं.

लोक म्हणतात, एवढं करून काय मिळालं. ती हसायची. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून आवाज काढायची. तिला आवाज ओळखू यायचे, बाबाचा स्कूटरचा पण. ११३ दिवसांना "काय मिळालं" असं कुणी म्हणू नये.

---

रूपाभवानी | ९ डिसेंबर, सकाळी ७:३०

अनामिकाताई, तुमची पोस्ट वाचून मी धाग्याचं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. लेकीचं नाव सांगावंसं वाटलं तर सांगा.

---

अनामिका_वि | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२

ईश्वरी.

---

नवा_सभासद | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

मी फक्त वाचायला आलो होतो. माझ्या मेव्हण्याचं बाळ ४६ दिवसांचं आहे. दूध पिताना दोन मिनिटांत थांबतं, कपाळ ओलं होतं, बरगड्या आत जातात. वजन जन्माला २ किलो ९००, आज ३ किलो १००. दोनदा वाफ दिली. निळं वगैरे अजिबात नाही. दोन-चार दिवस बघू म्हणतायत.

---

बालरोग_पंढरपूर | ९ डिसेंबर, दुपारी १:२२

दोन-चार दिवस बघू नका. ४६ दिवसांत २०० ग्रॅम म्हणजे वाढ नाहीच. आज संध्याकाळच्या आत इको. बालरोगतज्ज्ञांना "दूध पिताना घाम आणि बरगड्या आत" हेच शब्द सांगा. हे हृदय नसेलही, पण बघून मगच ठरवायचं.

---

नवा_सभासद | १० डिसेंबर, रात्री १०:०५

इको झाला. मोठा व्हीएसडी, फुप्फुसावर दाब. लघवीचं औषध सुरू केलंय. पुण्याच्या हॉस्पिटलशी बोलणं झालं. आधी वजन वाढवायचं म्हणाले, आईचंच दूध वाटी-चमच्यानं थोडं थोडं, दर दोन तासांनी, आणि तीन-चार आठवड्यांनी ऑपरेशन. वजन वाढलं नाही तरी थांबणार नाहीत, कारण दाब फार वर्षं राहिला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात आणि मग छिद्र बंदही करता येत नाही. रोजचं वजन कळवायला सांगितलंय. मेव्हणा बार्शीहून येऊन आमच्याकडेच राहिलाय. किराणा दुकानातल्या काट्यावर बाळ ठेवायचं जिवावर येतंय. सोलापुरात बाळाचा काटा भाड्यानं मिळतो का?

---

अनामिका_वि | १० डिसेंबर, रात्री १०:११

भाड्यानं घेऊ नका. माझ्याकडे आहे, पाच ग्रॅमचा फरकसुद्धा दाखवतो. विजापूर रोडला राहते, पत्ता खासगी निरोपात पाठवलाय. सकाळी सातनंतर कधीही या. सेल मात्र नवे घालावे लागतील.